सोसण्याचे श्रेय

दुखण्याच्या बाबतीत आपली मराठी मोठी संपन्न भाषा आहे. डोके ठणकते, दाढ ठुसठुसते, डोळे चुरचुरतात, भाजलेली जागा चरचरते, घसा खवखवतो, खरचटलेला गुडघा हुळहुळतो. कमरेत उसण भरते, पाठीत चमक येते, पोटात मुरडा येतो, पायातून कळ जाते, आणि काटा निघाला तरी त्याचा सल राहतो. १९७५ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने, रोग्याला आपले दुखणे नेमके सांगता यावे म्हणून, इंग्रजीतले ७८ शब्द निवडले, त्यांचे २० गट पाडले आणि डॉक्टरांच्या हाती एक प्रश्नावली दिली. आपल्याकडच्या एखाद्या आजीला विचारले असते, तर तिने वाती वळता वळता निम्मीअधिक यादी सांगून टाकली असती.

परंतु या सगळ्या शब्दांहून वेगळा असा एक शब्द आपल्याजवळ आहे. तो म्हणजे सोसणे. त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘मी दुखतो’ असे मराठी माणूस म्हणत नाही. ‘मला दुखते’ असे म्हणतो. दुखणे त्याच्याकडे चालून येते. त्यात त्याचे कर्तृत्व काही नसते. पण सोसण्याची गोष्ट निघाली की भाषा बदलते. ‘मी सोसतो’, ‘तिने सोसले’ असे आपण म्हणतो. येथे माणूस कर्ता होऊन बसतो. आणि एकदा कर्ता आला की त्याच्या मागोमाग श्रेय येते, दोषही येतो.

या श्रेयाची आणि दोषाची वाटणी आपण घरोघर करीत आलो आहोत. “मोठी सोशीक हो! तीन बाळंतपणे झाली, पण तोंडातून हूं की चूं नाही,” अशी एका सुनेची वाखाणणी होते, दुसरीला “आमची ही अंमळ नाजूकच” असा शेरा मिळतो. दवाखान्याच्या बाकावर कण्हणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचाच मुलगा हळूच बजावतो, “बाबा, लोक बघताहेत.” पडलेल्या पोराला सांगतात, “मुलगा ना तू? मग रडतोस काय?” सोसणे हा सद्गुण आणि न सोसणे हा उणेपणा, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्याची कधी चौकशीच केली नाही. ही वाटणी न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारायचा आहे. प्रश्न नीतीचा आहे. पण गेल्या पाऊणशे वर्षांत त्यावर साक्ष द्यायला एक अनपेक्षित साक्षीदार पुढे आला आहे. तो आपल्या सर्वांच्या डोक्यात, मेंदूच्या तळाशी, मुकाट्याने काम करीत बसलेला आहे.

त्याची ओळख करून घेण्यापूर्वी एक रोजचा अनुभव आठवू या. जखम आणि वेदना यांचे माप एकमेकांशी जुळत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी चकल्या तळताना तेलाचा थेंब मनगटावर उडतो. घाणा उतरायचा असतो, पोरे भोवती नाचत असतात, आणि मनगटावरचा फोड थेट रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवण करून देतो. अंगणात खेळणारे पोर सपशेल आपटते. उठते, इकडेतिकडे पाहते, आणि आई दिसली की मगच भोकाड पसरते. आपण हसतो आणि त्याला लबाड म्हणतो.

आता थोडी मोठी उदाहरणे पाहा. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा मिशनरी आफ्रिकेत मबोत्सा येथे असताना १८४४ साली एका सिंहाने त्याला खांद्याला धरून खाली पाडले आणि झटके दिले. दंडाचे हाड चुरले. लिव्हिंग्स्टनने पुढे १८५७ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, त्या वेळी त्याला एक प्रकारची गुंगी आली. काय चालले आहे हे सगळे कळत होते, पण वेदना नव्हती आणि भीतीही नव्हती. हिंस्र पशूंच्या तोंडी सापडलेल्या प्राण्यांसाठी दयाळू परमेश्वराने ही सोय करून ठेवली असावी, असा त्याने तर्क केला.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. हेन्री बीचर हे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ आघाडीजवळच्या इस्पितळांत काम करीत होते. गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांना त्यांनी विचारले, “दुखणे थांबवायला काही देऊ का?” चौघांतल्या जेमतेम एकाने होकार दिला. १९४६ साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. पुढे तुलनेसाठी शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांनी वेदनाशामक मागितले. सैनिक शूर आणि नागरिक भित्रे, असा निष्कर्ष बीचर यांनी काढला नाही. त्यांनी म्हटले ते असे की, सैनिकाच्या लेखी ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. नागरिकाच्या लेखी तीच संकटाची सुरुवात होती. इजेचा अर्थ निराळा, म्हणून वेदना निराळी.

हे खरे असेल तर शरीरात कोठेतरी असा एक टप्पा असला पाहिजे, जेथे इजेची वर्दी तपासली जाते आणि पुढे सोडायची की अडवायची हे ठरते. हा टप्पा काही कविकल्पना नाही. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्या मधल्या देठासारख्या भागात, मध्यमेंदूत, पाण्यासारखा द्रव वाहून नेणारी एक बारीक नळी आहे. त्या नळीभोवती करड्या पेशींचे जाड अस्तर असते. बोटाच्या एका पेराहून लहान असा हा भाग. डॉक्टर त्याला ‘पेरिॲक्विडक्टल ग्रे’ म्हणतात. ‘नळीभोवतीचे करडे’ एवढाच त्याचा अर्थ. जुन्या वाड्याच्या दरवाजात पहारेकऱ्यांची देवडी असे. आत कोणाला सोडायचे, कोणाला थोपवायचे, हे तेथे ठरे. या करड्या भागाला आपण मेंदूची देवडी म्हणू.

१९६९ साली रेनॉल्ड्स या अमेरिकन संशोधकाने आठ उंदरांच्या मेंदूत याच भागाच्या आसपास बारीक तारा बसवल्या. त्यातल्या तिघांच्या बाबतीत तारेतून वीज सोडली असता वेदना पार नाहीशी झाली. उंदीर जागे होते, हालचाल करू शकत होते. आणि भुलीचे कोणतेही औषध न देता त्यांचे पोट उघडून शस्त्रक्रिया करता आली. वीज बंद केली, आणि वेदनेची जाणीव परत आली. त्याआधी १९६४ साली चिनी संशोधकांनी सशांवर प्रयोग करून दाखवले होते की, मॉर्फिनचा अगदी अत्यल्प अंश मेंदूच्या या परिसरात टोचला तरी वेदना शमते. अफूचे औषध देवडीवर येऊनच काम करते, असा याचा अर्थ.

मग साहजिकच प्रश्न आला. खसखशीच्या बोंडातल्या चिकाला ओळखणारे कुलूप माणसाच्या मेंदूत कशासाठी असावे? १९७३ साली असे कुलूप, म्हणजे पेशींवरची ग्रहणस्थाने, खरोखरच असल्याचे सिद्ध झाले. आणि १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी त्याची किल्ली शोधून काढली. मेंदू स्वतःच अफूसारखे काम करणारी द्रव्ये तयार करतो. देवडीवरून हुकूम निघतो. तो मेंदूच्या तळातल्या आणखी एका ठाण्यामार्गे पाठीच्या कण्यात उतरतो, आणि जखमेची वर्दी जेथे मज्जारज्जूत प्रथम शिरते तेथेच तिला अडवतो. वेदना वर पोचण्यापूर्वीच तिचा रस्ता अरुंद होतो. आणि हा हुकूम उलटाही निघू शकतो, हे विसरता कामा नये. तीच यंत्रणा रस्ता रुंद करून साध्या कळेची असह्य कळ करू शकते.

या देवडीकडे फक्त वेदनेचेच खाते असते तर गोष्ट तेथेच संपली असती. पण तिच्याकडे आणखी कितीतरी खाती आहेत. संकट आले की काळजाचे ठोके व रक्तदाब वाढवून लढायला किंवा पळायला शरीर सिद्ध करणे, हे तिच्या एका बाजूच्या पेशींचे काम. पळण्यात अर्थ नसेल तेव्हा ठोके मंद करून अंग निपचित पाडणे, हे खालच्या बाजूच्या पेशींचे. मूत्राशय भरल्याची वर्दी येथेच येते, आणि वेळ व जागा योग्य असल्याचा निर्वाळा वरच्या मेंदूने दिला की येथूनच पुढे मोकळीक मिळते. रडणे, ओरडणे, किंचाळणे, या आवाजांची कळही येथेच; या भागाला मोठी इजा झाली तर वाचा बंद पडते. पिलांना जवळ घेणाऱ्या मादीच्या वागण्यातही याचा हात आहे. २०२३ साली बर्लिनच्या संशोधकांना असे आढळले की, उंदरांना गुदगुल्या केल्या आणि ते आपल्या बारीक आवाजात खिदळू लागले, की हाच भाग जागा होतो. त्याला गप्प केले तर त्यांचे खेळणे आणि खिदळणे कमी होते.

पळणे, गोठून जाणे, रडणे, लघवी सोडणे, लेकराला जवळ घेणे, गुदगुल्यांनी हसणे, आणि वेदना: ही सारी खाती एकाच ठिकाणी का असावीत? मला यात एक संगती दिसते. या प्रत्येक गोष्टीच्या आधी प्राण्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो. आता, या घटकेला, आपण कितपत सुरक्षित आहो? जनावर शत्रूसमोर खेळत नाही, हसत नाही, निवांत लघवीला बसत नाही. जखम चाटत बसण्याची ती वेळ आहे की जीव घेऊन पळण्याची, हेही त्याच प्रश्नावर अवलंबून. देवडीवर जी तपासणी होते ती या सुरक्षिततेची होते, आणि वेदना हा त्या निकालाचा एक भाग असतो. अंगणातले पोर लबाड नव्हते. आई दिसल्यावर त्याला रडण्याची सवड मिळाली, इतकेच.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. देवडीवर हुकूम कोणाचा चालतो? आपण ज्याला ‘मी’ म्हणतो त्याचा चालतो का?

नाही म्हणायला, थोडा चालतो. पण सरळ आज्ञेने नाही. ‘आता दुखू नकोस’ असे म्हणून कोणाचे दुखणे थांबलेले नाही. विश्वास, भीती, अपेक्षा, आणि समोरच्या माणसाचा चेहरा, यांच्या वाटेने तेथपर्यंत पोचावे लागते. १९७८ साली अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांना औषधाचा अंशही नसलेले औषध देऊन पाहिले. काहींना आराम पडला. मग त्यांना नॅलोक्सोन हे अफूचा परिणाम मोडणारे द्रव्य दिले, तर तो आराम ओसरला. म्हणजे आराम काल्पनिक नव्हता. शरीराने स्वतःची अफू खरोखरच उगाळली होती. २००९ साली हँबुर्गच्या संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले की, निव्वळ विश्वासाने आलेल्या अशा आरामात वरचा मेंदू आणि ही देवडी एकमेकांच्या सुरात काम करू लागतात.

२०११ सालचा ऑक्सफर्डचा प्रयोग तर याहून बोलका आहे. धडधाकट माणसांच्या पायाला सोसवेल इतपत चटका देत शिरेतून अफूच्या जातीचे एक तीव्र वेदनाशामक चालू केले. पण त्यांना ते सांगितले नाही. दुखणे थोडे कमी झाले. मग सांगितले, “आता औषध चालू करतो आहोत.” औषध तेवढेच होते, पण आराम जवळजवळ दुप्पट झाला. शेवटी सांगितले, “औषध थांबवले आहे, आता कदाचित जास्त दुखेल.” औषध अजून चालूच होते, तरी आराम पार नाहीसा झाला. एका वाक्याने औषध दुप्पट झाले आणि दुसऱ्या वाक्याने औषधाचे पाणी झाले.

यावरून सोशीकपणाबद्दल जो निष्कर्ष निघतो तो मला महत्त्वाचा वाटतो. दोन माणसे शेजारशेजारच्या खाटांवर पडली आहेत. एक शांत आहे, दुसरा कण्हतो आहे. पहिल्याच्या देवडीने वेदना खालच्या खालीच अडवली असेल. त्याला मुळात कमी दुखत असेल. दुसऱ्याच्या देवडीचे दार सताड उघडे असेल, आणि जेवढे तो कण्हतो त्याच्या दसपट त्याने आत दाबून धरले असेल. ज्याला कमी दुखले तो आणि ज्याने अधिक सोसले तो, हे दोघे बाहेरून ओळखू येत नाहीत. किंबहुना अनेकदा उलटेच ओळखले जातात. मग कोणत्या आधारावर आपण एकाला सोशीक म्हणतो आणि दुसऱ्याला रडका? ज्या सुनेच्या तोंडून हूं की चूं निघाले नाही तिच्या मौनात धैर्य होते, की ओरडल्यास ऐकून घेणारे कोणी नाही ही जाणीव होती? संकटात सापडलेले जनावरही निपचित पडते. त्याला आपण सोशीक म्हणत नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल. मग धैर्य म्हणून काही नाहीच का? पावनखिंडीत जखमांनी विंधलेले बाजीप्रभू तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत लढत राहिले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती काय एका करड्या पेरभर भागाची करामत म्हणायची? गीतेने सांगितलेली तितिक्षा, शीतोष्ण आणि सुखदुःख येतात-जातात म्हणून ती सहन करण्याचा उपदेश, हा काय व्यर्थ?

तसे मी म्हणत नाही. धैर्य आहेच, पण ते किती दुखले या मापाने मोजता येत नाही, आणि किती गप्प राहिला या मापाने तर मुळीच नाही. दुखत असताना माणसाने काय केले, त्यात ते असते. खिंडीतल्या वीराला जखमा जाणवल्या की नाहीत, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही, आणि त्याच्या थोरवीला त्याची गरजही नाही. तो खिंड सोडून गेला नाही, एवढे पुरे आहे. इस्पितळात कळ आली की मोठ्याने ओरडणारी आणि कळ ओसरली की शेजारच्या खाटेवरच्या मुलीला “जेवलीस का ग?” म्हणून विचारणारी बाई माझ्या लेखी धैर्यवान आहे.

आणि तितिक्षेचा उपदेश? बुद्धाच्या एका सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. सुत्ताचे नावच ‘सल्ल’. आपला ‘सल’ त्याच कुळातला. अज्ञानी माणसाला आधी शरीराचा बाण लागतो, आणि मग शोकाचा नि संतापाचा दुसरा बाण मनाला लागतो. ज्ञानी माणसाला पहिलाच लागतो. हे आजच्या शास्त्राशी चांगले जुळते; भीतीने देवडीचे दार अधिक उघडते, हे आपण पाहिलेच. पण हा उपदेश कोणी कोणाला करायचा, याचे भान ठेवले पाहिजे. तितिक्षा ही स्वतःला सांगण्याची गोष्ट आहे. मी माझ्या दुखण्यापुरता तो मंत्र जपावा. दुसऱ्याच्या उशाशी बसून त्याला तो ऐकवू लागलो, तर त्याला दुसरा बाण मारणारा मीच ठरतो.

दुसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध बाजूचा आहे. वेदना अडवणे शक्य आहे, तर ती कायमची अडवूनच का टाकू नये? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राला चांगले ठाऊक असायला हवे. वरोड्याजवळच्या आनंदवनात आणि अमरावतीच्या तपोवनात ज्या कुष्ठरुग्णांना आसरा मिळाला, त्यांच्यातल्या अनेकांच्या बोटांची झीज कशाने झाली होती? लोक समजत, रोगच बोटे खातो. वेल्लोरच्या इस्पितळात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोगाने मज्जातंतू बधिर होतात, मग चूल भाजते ते कळत नाही, खिळा रुततो ते कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा अवयव नेतात. वेदनेला ब्रँड यांनी देणगी म्हटले ते उगीच नव्हे. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध झाली. जनुकातील एका दोषामुळे त्यांच्यातल्या मुलांना जन्मतःच वेदना ठाऊक नव्हती. एक मुलगा रस्त्यावर खेळ करी. दंडात सुऱ्या खुपसून घेई, निखाऱ्यांवरून चाले. चौदा वर्षांचा होण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो मेला. पडल्यावर लागते, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. तेव्हा देवडी हवी, पहारेकरीही हवा. दार कायमचे बंद करून वाडा सुखी होत नाही.

मग आपण करायचे काय? माझ्या मते सोसणाऱ्याकडे वळलेली आपली नजर आपण स्वतःकडे वळवली पाहिजे. देवडीवरचा निकाल सुरक्षिततेच्या प्रश्नावर ठरत असेल, तर दुखणाऱ्या माणसाची सुरक्षितता बव्हंशी त्याच्या भोवतीच्या माणसांच्या हाती असते. म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेत आपण केवळ प्रेक्षक नसतो. आपला शब्द, आपला अविश्वास, आपले जवळ असणे वा नसणे, हे सगळे त्या दारापर्यंत पोचत असते.

अविश्वासाने काय होते त्याचा दाखला दूरचा नाही. १९८० च्या दशकापर्यंत, पुढारलेल्या देशांतही, नवजात बालकांवरील शस्त्रक्रिया पुष्कळदा पुरेशा वेदनाशामकाविना होत. हालचाल थांबवणारे औषध देत, म्हणजे मूल हलत नसे. आणि एवढ्या लहान जिवाला वेदना ती काय कळणार, अशी समजूत होती. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, वेदनाशामक न मिळालेल्या अर्भकांच्या शरीरात हाहाकार उडतो, आणि औषध दिले तर ती अधिक चांगली सावरतात. पुढची गोष्ट अधिकच अस्वस्थ करणारी आहे. उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांत दिसले की, वरून खाली येऊन वेदना अडवणारी ही यंत्रणा जन्मतः तयार नसते. ती तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते. नवजात जिवाला कमी दुखते असे आपण समजत होतो, आणि त्याच्या देवडीवर तर अजून पहारेकरीच आलेला नव्हता.

जो बोलू शकत नाही त्याचे दुखणे खोटे, आणि जो बोलतो तो नाटकी, असा आपला एकंदर न्याय. राबणाऱ्या माणसाची कातडी जाड, त्याला लागत नाही, असे आपल्याकडे सहज म्हणतात. २०१६ साली अमेरिकेत आढळले की, पाहणीतल्या सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या व शिकाऊ डॉक्टरांच्या मनात काळ्या माणसांच्या शरीराविषयी अशाच काही खुळ्या समजुती होत्या. माणसे निराळी, समजूत तीच. आणि सर्वत्र तिचा उपयोगही एकच. ज्याला लागत नाही त्याच्यासाठी काही करावे लागत नाही.

ही समजूत कायद्यातही उतरते. आपल्या देशात मंदसौर-नीमचच्या बाजूला सरकारी परवान्याने अफू पिकते. मॉर्फिनचा कच्चा माल जगाला पुरवणाऱ्या देशांत आपण होतो. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की, कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्याला तेच मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा कुठे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. व्यसनाची भीती खोटी नव्हती. पण तिच्या किमतीचे बिल ज्यांच्या नावावर फाडले गेले ते बहुतेक गप्प होते, आणि त्यांच्या गप्प राहण्याला आपण सोशीकपणा म्हणून मोकळे झालो.

याउलट, सोबतीने काय होते हे आपल्या जुन्या बायकांना माहीत होते. पहिलटकरणीला माहेरी नेण्याच्या रीतीमागे इतर कारणे असतील. पण कळा सुरू झाल्यावर आईचा हात पाठीवर फिरत असे, हे त्यातले मोठे सुख होते. १९८० साली ग्वाटेमालातील एका पाहणीत प्रसूतीच्या वेळी बाईजवळ एक साधी, वैद्यकी न शिकलेली स्त्री सतत बसवली. तिने हात धरला, पाठ चोळली, बोलत राहिली. ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांची प्रसूती पुष्कळ लवकर झाली. पुढे अनेक देशांतल्या पाहण्यांतही सोबत असलेल्या बायकांना वेदनाशामकाची गरज कमी लागल्याचे दिसले, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचे माणूस असू द्यावे अशी शिफारस केली.

मात्र सोबतीचा अर्थ खोटा धीर असा नव्हे. “काही नाही, एवढंसं तर आहे,” असे म्हणणे हा धीर नसतो. तो अविश्वासच, फक्त गोड आवाजातला. रोग्याला ते बरोबर कळते. आणि एकदा फसवणूक कळली की पुढच्या खऱ्या शब्दाचाही उपयोग होत नाही. “दुखेल, मला माहीत आहे. पण मी इथेच आहे,” या वाक्यात खोटे काही नाही, आणि देवडीला हवी ती वर्दी त्यात पुरेपूर आहे. मॉर्फिनची जागा असे वाक्य घेऊ शकत नाही, घेऊ नये. पण ऑक्सफर्डच्या प्रयोगाने सांगितले ते ध्यानात ठेवावे. त्याच्याविना औषधही अर्धेच काम करते.

तेव्हा सोसण्याचे श्रेय द्यायचेच झाले तर ते वाटून द्यावे लागेल. काही वाटा जन्मजात ठेवणीला, काही नशिबाला, काही ज्या कारणासाठी सोसले त्या कारणाला, थोडा माणसाच्या स्वतःच्या निश्चयाला, आणि बराच मोठा वाटा उशाशी बसलेल्या माणसाला. दोषाचीही वाटणी अशीच करावी लागेल. कोणाला सोसले नाही, तर त्याला उणे म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ कोण होते, हे आधी विचारले पाहिजे.

दिवाळीत घरे भरतात. पुढच्या खोलीत फराळाची ताटे फिरतात, गप्पा रंगतात; आणि आतल्या खोलीत एखादी म्हातारी आत्या किंवा एखादे काका गुडघे चोळीत पडलेले असतात. येणारा-जाणारा दारातूनच विचारतो, “काय, बरं आहे ना?” तेही “बरं आहे” म्हणतात, कारण प्रश्नातच उत्तर घालून ठेवलेले असते. त्याऐवजी कोणी पाच मिनिटे खाटेवर टेकून विचारावे, “कसं दुखतं? ठणकतं, की कळ येते? रात्री जास्त होतं का?” आणि जे सांगतील त्यावर विश्वास ठेवावा. आपल्या भाषेने दुखण्यासाठी एवढे शब्द जपून ठेवले ते कोणीतरी विचारील, या भरवशावरच ठेवले असतील.